ऐनवेळी मंत्र सापडत नाही?

प्रश्न : आम्ही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. माझ्या जादूगाराचे मंत्र शोधण्यातच वेळ जातो. काय करू?
– एक वाचक, उमरगा

उत्तर : मंत्र अकारविल्हे लावू नका, वापरानुसार लावा. दर मंत्राला एक कार्ड करा. ‘फायरबॉल’च्या कार्डावर एवढंच लिहा : पातळी ३, पल्ला १५० फूट, सहा बाजूंचे ८ फासे. मग तीन गठ्ठे करा : आपल्या पाळीचे, दुसऱ्याच्या पाळीत टाकायचे (‘शील्ड’) आणि लढाईबाहेरचे (‘डिटेक्ट मॅजिक’). एकाग्रतेच्या मंत्रांवर लाल खूण करा. तसा मंत्र एका वेळी एकच टिकतो. स्लॉट मोजायला चिंचोके घ्या. मंत्र टाकला की एक बाजूला काढा, दीर्घ विश्रांतीनंतर सगळे परत मांडा. त्या दिवशी तयार केलेलेच मंत्र हातात ठेवा, बाकीचे पिशवीत. आणि आपली पाळी येण्याआधीच कार्ड निवडून ठेवा.