जुन्या वाहनाचे इंजिन का तापते? : निदान आणि उपाय

उन्हाळा सुरू झाला की पंचायत समितीच्या जीपपासून पाण्याच्या टँकरपर्यंत अनेक जुन्या वाहनांच्या बाबतीत एकच तक्रार ऐकू येऊ लागते : ‘गाडी तापते.’ ही तक्रार क्षुल्लक समजता येणार नाही. टँकर वाटेत उभा राहिला तर एखाद्या वस्तीला त्या दिवशी पाणी मिळत नाही. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका घाटात थांबली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. शिवाय वेळीच बदललेल्या एका रबरी नळीच्या खर्चात जे काम भागले असते, त्यासाठी पुढे संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च सोसावा लागतो.

१ एप्रिल २०२३ पासून, काही विशेष कामांची वाहने वगळता, पंधरा वर्षांहून जुनी शासकीय वाहने नोंदणीतून बाद करण्याचा केंद्र शासनाचा नियम लागू झाला आहे. तथापि, दहा-बारा वर्षे धावलेली शासकीय वाहने, तसेच शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि खाजगी जीपगाड्या आजही ग्रामीण जीवनाचा मोठा भार वाहत आहेत. त्यांची निगा ज्यांच्या हाती आहे, त्यांना इंजिन तापण्यामागील कारणे माहीत असणे अगत्याचे आहे. त्यासाठी स्वतः कारागीर असण्याची आवश्यकता नाही. तपासणी योग्य क्रमाने झाली की नाही, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ काम होते.

इंजिनातील उष्णता जाते कोठे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी ऊर्जा मिळते, तिच्यापैकी साधारणपणे एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. सुमारे तेवढाच भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेल्या उष्णतेचा बराचसा भार शीतन यंत्रणेवर पडतो. वॉटर पंप इंजिनाभोवती पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या नळीतून रेडिएटरमध्ये येते. तेथे पंख्याच्या वाऱ्याने निवून ते खालच्या नळीतून पुन्हा इंजिनात जाते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी ठरावीक तापमानास, बहुधा ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, पोचले की ती उघडते.

रेडिएटरच्या झाकणाचे कार्य अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे झाकण यंत्रणेतील पाणी दाबाखाली ठेवते. सुमारे ०.९ किलो दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर हा लाभ नाहीसा होतो. त्यात उंचीची भर पडते. महाबळेश्वरसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. तेव्हा पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणाऱ्या गाडीचे झाकण निकामी असेल, तर इंजिनावरील भार सर्वांत जास्त असतानाच पाणी लवकर उकळू लागते. एक स्वस्त झाकण एवढा फरक घडवून आणते!

गाडी केव्हा तापते?

रोगाच्या निदानात ताप केव्हा चढतो हे वैद्य प्रथम विचारतो. येथेही तोच प्रश्न चालकाला प्रथम विचारावा.

गाडी उभी असताना किंवा बाजारपेठेतील गर्दीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर दोष बहुधा पंख्याकडे असतो. फॅन बेल्ट सैल होणे, पंख्याचा क्लच निकामी होणे किंवा विजेच्या पंख्याचा स्विच बिघडणे ही त्याची कारणे होत. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापत असेल, तर पंखा ठीक आहे असे समजून रेडिएटर चोंदला आहे काय, पंप पुरेसे पाणी फिरवतो काय, ते पाहावे. इंजिनाचा वेग वाढवल्यावर खालची नळी चपटी होत असेल, तर ती आतून कमकुवत झाली आहे असे समजावे. केवळ चढावर किंवा भार असताना गाडी तापत असेल, तर अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरबरोबरच धरून राहणारे ब्रेक, घसरणारा क्लच, इंधनाचे चुकलेले टायमिंग आणि प्रमाणाबाहेरचे ओझे यांचाही विचार करावा.

काटा अकस्मात वर गेला आणि त्याच वेळी बॅटरी चार्जिंगचा दिवा लागला, तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी असते. कारण अनेक गाड्यांत एकच बेल्ट पंप व अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. याउलट काट्यावर पूर्ण भरवसाही ठेवू नये. पाणी फार कमी झाले की तापमान मोजणारा संवेदक उघडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी सोप्याकडून कठिणाकडे आणि बाहेरून आत अशी करावी.

१) सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. केवळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली पाहून समाधान मानू नये. ऑइलची पातळीही याच वेळी तपासावी.

२) नळ्या, त्यांच्या पट्ट्या, पंपाखालची बाजू आणि रेडिएटरचे सांधे येथे ओल किंवा वाळलेल्या पाण्याचे डाग आहेत काय, ते पाहावे.

३) बेल्टला भेगा आहेत काय ते पाहावे. मधोमध अंगठ्याने दाबल्यास तो साधारणतः १० ते १२ मिलिमीटर दबावा. वाहनाच्या पुस्तिकेत निराळे माप दिले असल्यास तेच प्रमाण मानावे.

४) रेडिएटरच्या जाळीत माती, भुसा, कापसाचे तंतू, किडे अडकलेले असतात. ऊस व कापूस वाहणाऱ्या आणि मळणीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांमध्ये हेच कारण वारंवार आढळते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाने पाणी मारून जाळी स्वच्छ करावी. फार जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

५) यानंतर झाकण व थर्मोस्टॅट तपासावा.

६) एवढे करूनही दोष सापडला नाही, तरच रेडिएटर काढून आतून साफ करणे, पंप उघडणे या कामांना हात घालावा.

थर्मोस्टॅटविषयीचा गैरसमज

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, इंधन नीट जळत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेचा मार्ग बंद करतो. तो काढला तर बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता बगलेतूनच फिरत राहते आणि गाडी अधिकच तापते.

थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. भांड्यातील पाण्यात तो तळाला न टेकेल असा टांगून पाणी तापवावे आणि तापमापीने तापमान पाहावे. त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही न उघडल्यास तो बदलावा. माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला उष्णतेने होणारे प्रसरण समजावून सांगताना शिक्षकांना हा प्रयोग, पुरेशी काळजी घेऊन, करून दाखवता येईल.

पाणी कोणते वापरावे?

विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापल्यावर त्यांचा थर इंजिनाच्या व रेडिएटरच्या आतील बाजूंवर बसतो. हा थर उष्णता अडवतो आणि बारीक नळ्या बंद करतो. म्हणून शुद्ध केलेले पाणी व कुलंट यांचे उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिश्रण वापरावे आणि ते ठरल्या मुदतीत बदलावे. कुलंटमुळे गंज रोखला जातो आणि उत्कलनबिंदूही वाढतो. मात्र त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. म्हणून काढलेले द्रव्य मुले व जनावरे यांच्या वाटेवर कधीही ओतू नये.

कुशल कारागिराकडे केव्हा न्यावे?

बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, इंजिन तापल्यानंतरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, ऑइल दुधाळ होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गार इंजिन सुरू करताच वरची नळी ताठ होणे ही हेड गॅसकेट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची लक्षणे होत. अशी गाडी पुढे चालवू नये. हेड काढल्यावर त्याची सपाटी तपासल्याविना केवळ गॅसकेट बदलल्यास तोच दोष पुन्हा उद्‌भवतो.

वाटेत गाडी तापल्यास

वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. वाफ उसळत असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. झाकणाला मात्र हात लावू नये. दाबाखालील पाणी झाकण निघताच उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. निदान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरची नळी मऊ व कोमट लागली की जाड फडके धरून झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवावे आणि दाब जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतल्यास तडा जाण्याचा धोका असतो. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे दूर ठेवावीत.

नोंद ठेवण्याची सवय

वाहनाच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन यांच्याबरोबर ‘पाणी किती घातले’ हा एक रकाना असावा. आठवड्यात दोन वेळा पाणी घालावे लागले, तर कोठेतरी गळती आहे, हे त्या रकान्यावरूनच कळते आणि दुरुस्तीचा प्रस्ताव सकारण मांडता येतो. चालकाने केलेली तक्रार ‘गाडी जुनी झाली’ असे म्हणून बाजूला सारली जाऊ नये. फेब्रुवारी अखेरपर्यंत प्रत्येक कार्यालयाने आपल्या वाहनांची वरील क्रमाने तपासणी करून घेतली, तर ऐन टंचाईच्या दिवसांत टँकर आणि रुग्णवाहिका रस्त्यावर धावत राहतील, आणि त्यांवर अवलंबून असलेल्या गावांना त्यांची वाट पाहत बसावे लागणार नाही.