दीव बेटाचा किनारा आणि त्याच्या पोटातील गोडे पाणी

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, खंबायतच्या आखाताच्या तोंडाजवळ दीव हे लहानसे बेट आहे. त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ११ किलोमीटर असून रुंदी ३ किलोमीटरच्या आसपास भरते. मुख्य भूमीवरील घोघला हे गाव व सिंबोर हा चिमुकला तुकडा धरूनही संपूर्ण दीव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटरच होते. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५२,०७४ नोंदली गेली. गोव्यातील वाचकांना हे नाव परके नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव एकाच वेळी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि पुढे ३० मे १९८७ पर्यंत त्यांचा कारभार एकाच संघप्रदेशात चालला. पणजीच्या तीस सदस्यांच्या विधानसभेत दीवचा एक प्रतिनिधी बसत असे. २६ जानेवारी २०२० पासून हे बेट दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या एकत्रित संघप्रदेशात मोडते.

दीवविषयी लिहिले जाते ते बहुधा त्याच्या किल्ल्याविषयी. किल्ला भव्य आहे यात शंका नाही. परंतु ज्या खडकातून तो उभा राहिला त्याच खडकाने बेटाचा किनारा घडविला आहे, आणि बेटावरील माणसाचे पिण्याचे पाणीही शतकानुशतके त्याच खडकाने राखले आहे. किनाऱ्याचा अभ्यास आणि विहिरीचा अभ्यास हे दीवमध्ये दोन वेगळे विषय राहत नाहीत.

खडकाची ओळख

गोव्याचा समुद्रकिनारा जांभ्या दगडाच्या पठारांनी व भूशिरांनी ओळखला जातो. दीवचा दगड निराळा आहे. तो फिकट पिवळसर, हाताला वाळूसारखा खरखरीत लागणारा आणि करवतीने कापता येईल इतपत मऊ असा चुनखडक आहे. भूशास्त्रज्ञ त्याला मिलिओलाइट म्हणतात. मिलिओला नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे त्यात आढळतात, आणि त्या जीवाचे नावही बारीक धान्याच्या दाण्यावरून पडले आहे. भिंगातून पाहिल्यास दगडाचा तुकडा खरोखरच राळ्याचे दाणे चिकटवून केलेल्या वडीसारखा दिसतो. शंखशिंपल्यांचा चुरा व ही कवचे मिळून झालेली वाळू किनाऱ्यावर साठली. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिच्या कणांमध्ये बसून घट्ट झाला व तिचा दगड बनला. ही वाळू समुद्राने रचली की वाऱ्याने, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालला. काही थर समुद्रतळाशी बसलेले व काही वाऱ्याने टेकड्यांच्या रूपाने रचलेले असावेत, असे मानण्याकडे आता कल आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी हाच खडक सापडतो. मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील कित्येक सार्वजनिक इमारतींच्या कमानी व नक्षी ज्या पोरबंदरी दगडात कोरलेल्या आहेत, तो याच जातीचा.

शिक्षकांना हा दगड वर्गात सहज ओळखून दाखविता येईल. तुकड्यावर सौम्य आम्लाचे किंवा तीव्र शिरक्याचे थेंब टाकले की बारीक बुडबुडे येतात. जांभ्यावर टाकले तर येत नाहीत.

दक्षिणेचा किनारा

बेटाची दक्षिण बाजू खुल्या अरबी समुद्राकडे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा जूनपासून तिच्यावर थेट आदळतात. त्यामुळे येथे कधी कडा, कधी कपारी, तर कधी पुळण असा किनारा क्षणाक्षणाला पालटतो. पूर्व टोकाच्या किल्ल्यापासून पश्चिमेकडे निघाले की प्रथम जालंधरची पुळण व चक्रतीर्थ लागते, पुढे फुदम गावचा खडकाळ किनारा येतो. येथील गंगेश्वराच्या स्थानी कड्याच्या पायथ्याशी असलेल्या कपारीत पाच शिवलिंगे आहेत. भरतीच्या लाटा आत येऊन त्यांच्यावरून जातात व ओहोटीला ती पुन्हा उघडी पडतात. भाविक त्याला सागराने केलेला अभिषेक मानतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तीच जागा लाटा खडक कशा पोखरतात हे दाखविते.

कड्याच्या पायथ्याशी, भरतीच्या रेषेवर, लाटांनी आडवी खाच कोरलेली असते. खाच खोल होत गेली की वरचा भाग अधांतरी राहतो व एक दिवस कोसळतो. दीवच्या काही कड्यांवर अशा खाचा आजच्या भरतीच्या रेषेहून वर दिसतात. समुद्र एके काळी अधिक उंचीवर होता याची ती खूण होय. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण कालखंडात जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा काही मीटर वर होती. उलट, सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात ती जवळजवळ १२० मीटर खाली गेली होती. त्या वेळी दीव हे बेट नव्हतेच. विस्तीर्ण सपाट भूमीवरील एक लहानसा उंचवटा होता आणि समुद्र तेथून पुष्कळ दूर होता.

लाटांचे तुषार जेथवर पोहोचतात तेथवर कड्याचा माथा सुईसारख्या टोकांनी व खळग्यांनी भरलेला असतो. त्यावरून अनवाणी चालणे अशक्य. हे काम लाटेच्या माऱ्याइतकेच खारट पाण्याच्या रासायनिक क्रियेचे व खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक जीवांचे आहे.

नागवा येथे किनारा एकदम मृदू होतो. दोन्ही बाजूंना टणक भूशिरे आणि मध्ये घोड्याच्या नालेसारखी वळलेली पुळण, अशी येथील रचना आहे. लाटांचा जोर भूशिरांवर खर्च होतो, आतल्या वळणात त्या मंदावतात आणि आपल्याजवळची वाळू तेथे टाकतात. वाळूच्या मागे जेथे मर्यादवेल पसरलेली असते तेथे वाऱ्याने उडणारी वाळू अडते व तिच्या लहान टेकड्या बनतात. वेलीचे हे मराठी नाव फार समर्पक आहे. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात तेव्हा या टेकड्याच राखीव साठ्याचे काम करतात आणि हिवाळ्यात समुद्र नेलेली वाळू बहुतांशी परत आणून टाकतो. ही देवघेव ज्यांना ठाऊक नसते ते उन्हाळ्यात रिकामी दिसणारी वाळूची टेकडी बांधकामास योग्य जागा समजतात. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने दीवला येणाऱ्या पर्यटकांची संख्या बेटाच्या आकारमानाच्या मानाने मोठी आहे, आणि त्यांतील सर्वच किनाऱ्याच्या ओढीने येतात असे म्हणवत नाही. परंतु त्यांच्यासाठी लागणारी निवासस्थाने व पाणी मात्र किनाऱ्यालाच पुरवावे लागते.

नागव्याच्या परिसरात हॉका नावाचा ताड मोठ्या संख्येने दिसतो. काही लोक त्याला रावणताड म्हणतात, कारण इतर ताडांप्रमाणे त्याचे खोड एकटे सरळ न जाता दुभागते, पुन्हा दुभागते व प्रत्येक फांदीच्या टोकाशी पानांचा स्वतंत्र झुबका येतो. पोर्तुगिजांनी हे झाड आफ्रिकेतून आणले अशी समजूत सर्वत्र ऐकू येते. आफ्रिकेत त्याचे जवळचे भाऊबंद आहेत हे खरे. तथापि दीवचा हॉका ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी जात असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. खारा वारा व उथळ माती त्याला मानवते.

उत्तरेचा किनारा

बेट व मुख्य भूमी यांच्या मध्ये अरुंद खाडी आहे. येथे लाट पोहोचत नाही, केवळ भरती-ओहोटी पोहोचते. शांत पाण्यातील गाळ तळाशी बसतो आणि चिखलाचे विस्तीर्ण पट्टे तयार होतात. दक्षिणेला कडा, तर तीन किलोमीटरवर उत्तरेला गुडघाभर चिखल, तिवरांची झुडपे व मिठागरांची जमीन, असा हा विरोध आहे. एका सकाळी पायी दोन्ही पाहून होतात. मांडवीतील चोडण व दिवाडी बेटांच्या काठांशी परिचित असलेल्या गोमंतकीयाला हा उत्तर किनारा लगेच ओळखू येईल. फरक इतकाच की गोव्यात अशा जमिनीला बांध घालून व मानशीने पाणी आवरून खाजणात भात पिकविले जाते, दीवमध्ये मात्र पाऊस गोव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असल्याने ती जमीन मिठाच्याच उपयोगाची ठरली. शेती उंच भागावर होते व ती मुख्यतः बाजरीची.

तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटभर वर आलेली दिसतात. तीच गाळ धरून ठेवतात व माशांच्या आणि कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. हिवाळ्यात फुदमच्या पक्षी अभयारण्याच्या परिसरात स्थलांतरित पक्षी उतरतात. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा येथे मच्छीमारांची मोठी वस्ती असून तेथील नौका खाडीच्या आश्रयाने उभ्या राहतात. या किनारपट्टीवर बोंबील दोऱ्यांवर वाळविले जातात. कोकणातील कोळीवाड्यांत ज्यांना वलांडी म्हणतात तशाच त्या मांडण्या.

दीवचा इतिहासही या खाडीनेच घडविला. पूर्वेकडील तिच्या तोंडाशी खोल व सुरक्षित बंदर होते म्हणून गुजरातच्या सुलतानांचा अधिकारी मलिक अयाझ याच्या काळात येथे व्यापार भरभराटला. म्हणूनच १५०९ मध्ये येथे आरमारी युद्ध झाले आणि १५३५ मध्ये सुलतान बहादूरशहाकडून अनुमती मिळताच पोर्तुगिजांनी किल्ला बांधावयास घेतला. १५३८ व १५४६ चे वेढे त्याने सोसले. खाडीच्या मुखातील पाणीकोठा हा जलदुर्ग आजही पाण्यात उभा आहे.

पोटातील पाणी

किल्ल्याच्या बाहेर, जुन्या नगराच्या तटाजवळ, नायडाच्या गुंफा आहेत. किल्ला व तट यांच्यासाठी दगड काढताना त्या झाल्या असे मानले जाते. त्यांच्या भिंतींवर दगड कापल्याच्या सरळ रेषा आहेत, वरच्या छिद्रांतून उजेड येतो आणि झाडांची मुळे छतातून खाली लोंबतात. पावसाळ्यात छतातून पाणी झिरपते. बेटाचे सर्वांत महत्त्वाचे रहस्य येथे डोळ्यांनी पाहता येते: हा खडक पाणी पितो.

दीववर नदी नाही. टेकड्या सुमारे ३० मीटरपर्यंतच उंच. पडलेला पाऊस एक तर समुद्रात वाहून जातो किंवा सच्छिद्र चुनखडकात मुरतो. मुरलेले गोडे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगते. बेटाच्या मध्यभागी या थराची जाडी अधिक व काठाकडे कमी, म्हणजे दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखी असते. एका डच व एका जर्मन अभ्यासकाने स्वतंत्रपणे दाखवून दिले की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असू शकते. याचा व्यस्त अर्थ अधिक गंभीर आहे. विहिरीतील पातळी कायमची एक मीटर उतरली की खालून खारे पाणी ४० मीटर वर चढू लागते. प्रत्यक्षात खडकातील भेगा व भरतीचे चढउतार यांमुळे हा हिशेब तंतोतंत जुळत नाही; खारट मचूळ पाण्याचा मिश्र पट्टा त्याहून आधीच विहिरीला गाठतो.

मोटेने किंवा रहाटाने उपसा होई तोवर विहीर रात्रभरात भरून येत असे. विजेच्या पंपाने दिवसभर उपसा केला की त्या जागी खारे पाणी शंकूच्या आकाराने वर येते, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी होण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात. दगडासाठी खोल खाणी खणल्याने पाणी गाळणारा व धरणारा थरच निघून जातो. पुळणीच्या टेकड्या सपाट केल्याने उधाणाचे पाणी आतवर येते व वरूनही विहिरी खारावतात. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीवच्या अगदी जवळ, पूर्वेकडील किनाऱ्यावर धडकले. अशा वादळात समुद्र किती वर येऊ शकतो याचा विचार नकाशावर अंतर मोजून करता येत नाही; जमिनीची उंची पाहावी लागते. किनारा नियमन क्षेत्राची १९९१ ची अधिसूचना व तिची पुढील रूपे यांत भरतीच्या रेषेपासूनचे अंतर मोजले जाते. दीवसारख्या बेटावर त्या रेषेच्या आतील विहिरीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

जुन्या बांधणीत पावसाचे पाणी साठविण्याची टाकी असे. किल्ल्यातील मोठे टाके याच विचाराने खोदले गेले, कारण वेढ्याच्या काळात विहिरीवर भरवसा ठेवता येत नव्हता. आता गुजरातेतून नळाने पाणी येते व त्यामुळे टाक्यांकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. नळ मुख्य भूमीवरून येतो. वादळात वीज गेली की पंप थांबतो, आणि मग बेटाजवळ त्याच्या पोटातील पाण्याखेरीज दुसरे काही उरत नाही.

शाळांना या विषयाची नोंद ठेवणे अवघड नाही. किनाऱ्यापासून बेटाच्या मध्यापर्यंत एका रेषेत येणाऱ्या पाच-सहा विहिरी निवडाव्यात. वैशाखात व भाद्रपदात, ओहोटीच्या एकाच वेळी, दोरीने त्यांची पातळी मोजावी. प्रत्येकीचे समान माप पाणी उथळ ताटलीत उन्हात आटवून तळाशी राहिलेल्या मिठाचे वजन करावे. पहिल्या वर्षीचे आकडे फारसे काही सांगणार नाहीत. पाचव्या वर्षी वही उघडल्यावर मात्र कोणत्या विहिरीकडे समुद्र सरकतो आहे हे ग्रामपंचायतीला दिसू लागेल.