रुग्णासोबत राहणाऱ्याने स्वतःचं मन असं सांभाळावं

घरातलं माणूस दवाखान्यात दाखल झालं की सगळ्यांचं लक्ष खाटेकडे लागतं. वॉर्डाबाहेर बाकावर रात्र काढणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण जागरणाने थकलेल्या माणसाकडून औषधाची वेळ चुकते आणि डॉक्टरांचं बोलणं अर्धंच डोक्यात शिरतं. म्हणून सोबत करणाऱ्याने स्वतःला जपणं हा उपचाराचाच भाग आहे.

जवळ ठेवा : छोटी वही, पेन, पाण्याची बाटली, पांघरूण, चार्जर.

कृती

१. पहिल्याच दिवशी पाळ्या ठरवा. सलग दोन रात्री एकाच माणसाने जागू नये. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला तिथेच नेमकं काम द्या : दुपारचा डबा, विम्याचे कागद, मुलांना शाळेतून आणणं.

२. रात्री डोक्यात घोळणाऱ्या काळज्या वहीत दोन रकान्यांत लिहा : 'उद्या करता येईल' आणि 'माझ्या हातात नाही'. पहिल्या रकान्यातलं एक काम सकाळी उरका. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही याच वहीत लिहा. आजाराची माहिती मध्यरात्री मोबाइलवर शोधत बसू नका.

३. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी एकानेच तब्येत कळवावी. प्रत्येक फोनवर तीच हकिगत सांगताना जीव थकतो.

४. पाळी संपली की घरी जा. आंघोळ करा, गरम जेवा, झोपा. संध्याकाळनंतर चहा टाळा. त्यातल्या कॅफीनचा अंमल कित्येक तास राहतो आणि मिळालेली झोपही उडते.

५. मन घाबरं झालं तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं करा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके संथ होतात. छातीत दुखत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा.

६. भरवशाच्या एका माणसाशी रोज दहा मिनिटं बोला. रडू आलं तर येऊ द्या. रुग्णावर चिडलात, तर शांत झाल्यावर त्याचा हात हातात घ्या आणि चुकलं म्हणा.

७. झोप न लागणं, सतत उदास वाटणं, कशातच मन न रमणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. जीव नकोसा वाटू लागला, तर एकटे राहू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला किंवा वॉर्डातल्या नर्सला सांगा.

तुमच्या ओळखीतलं कोणी आज दवाखान्यात सोबतीला असेल, तर रुग्णाची चौकशी करून थांबू नका. एक रात्र त्याच्या जागी बसा आणि त्याला घरी झोपायला पाठवा.