‘पाच वर्षं पूर्ण होऊ देत, मग बघू’

प्रस्तुत लेखकाने उमेदीची काही वर्षं चाकणच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात काढली. मोटारींचे सुटे भाग शॉपवर बनत आणि निर्णय शेठच्या केबिनमध्ये. साधं टूल इन्सर्ट मागवायचं तरी त्यांची सही लागे. ती मिळेपर्यंत मशीन बंद, आणि ते बंद का याचा जाब मात्र ऑपरेटरला. ग्राहकाची तक्रार आली की जुना ‘एट-डी’ रिपोर्ट (दोषाचं कारण आणि त्यावरचा उपाय मांडणारा) काढायचा, तारीख बदलायची, पाठवून द्यायचा. ऑडिटच्या आदल्या रात्री गेजवर कॅलिब्रेशनचे नवे स्टिकर लागत. (जुने नीट निघत नसत, तेवढाच काय तो प्रामाणिकपणा.)

बढती मिळत नसे असं नाही. इंजिनिअरचा सीनियर इंजिनिअर झाला, मग असिस्टंट मॅनेजर. व्हिजिटिंग कार्ड बदललं, पगार जवळपास तोच. वरच्या खुर्चीत शेठचा भाचा.

खरी झळ लागली ती बाहेर मुलाखतीला गेल्यावर. ‘रिजेक्शन किती कमी केलंत, कसं केलंत?’ या साध्या प्रश्नाला लेखकाकडे उत्तर नव्हतं.

मग माणसं अशा ठिकाणी थांबतात कशाला? शॉपवर विचारा, निम्मे म्हणतील, ग्रॅच्युइटी; कायम नोकरीत ती पाच वर्षं भरल्यावर मिळते. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार 26,000 असेल, तर महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षामागे 15 दिवसांचे 15,000 होतात. 5 वर्षांचे 75,000. 60 महिन्यांवर वाटले तर महिन्याला 1,250 रुपये. दुसरीकडे याहून जास्त वाढ मिळत असेल, तर थांबणं तोट्याचं. मुदतीच्या करारावर असलेल्यांना तर नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 1 वर्षानंतरच हा हक्क आहे.

पगाराची तारीख पुढे सरकू लागली, की मात्र हिशेबही करत बसू नये. मुंबईच्या जेट एअरवेजचं विमान 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उडालं. त्याआधी कित्येक महिने वैमानिक आणि इंजिनिअरांचे पगार रखडत होते. कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर 2024 मध्ये. थकलेल्या पैशासाठी लोकांनी किती वाट पाहिली, ते यावरून समजावं.

छोट्या कंपनीची बातमी पेपरात येत नाही. तिथे पीएफचं पासबुक बघावं. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. स्लिपवर कपात आणि पासबुकात नोंद नाही, असं दोन महिने दिसलं तर ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. आणि हो, पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, वाढीची पत्रं स्वतःच्या ईमेलवर आजच घेऊन ठेवा. राजीनामा दिल्यावर कंपनीचं ईमेल कधी बंद होईल, सांगता येत नाही.