खुब्यातली साधी गाठ, सुईने उपचार: काय करावे, काय टाळावे

मूल दिवसभर बऱ्यापैकी असते आणि रात्री मांडी धरून उठते. वेदनाशामक गोळी दिली की थोड्या वेळात झोपी जाते. असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ची शंका घ्यायला हवी. हाडातली ही साधी गाठ. तिचा कॅन्सर होत नाही. हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये तिचे स्वतंत्र आजार म्हणून वर्णन केले. ती बहुधा ५ ते २५ या वयात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळते आणि मांडीच्या हाडाचे खुब्याकडचे टोक ही तिची नेहमीची जागा. गाभा सहसा दीड सेंटिमीटरहून लहान, पण तो प्रोस्टाग्लँडिन ही वेदना वाढवणारी रसायने भरपूर तयार करतो. म्हणून एवढीशी गाठ झोप उडवते. आज ती बहुतेकदा सुईने जाळता येते. मात्र आधी नेमके निदान आणि नंतर सबुरी, दोन्ही हवे.

काय करावे

१. दुखण्याची नोंद ठेवा. कधी दुखले, कुठे दुखले, कोणत्या गोळीने किती वेळात थांबले, हे लिहा. रात्रीची कळ आणि गोळीने पटकन पडणारा उतार ही डॉक्टरांसाठी मोठी खूण आहे.

२. मूल ‘गुडघा दुखतो’ म्हणाले तरी खुबाही तपासून घ्या. खुब्यातली कळ गुडघ्यात जाणवू शकते. लंगडणे किंवा एक मांडी बारीक होणे दिसले तर उशीर करू नका.

३. एक्स-रे चांगला आला तरी दुखणे चालूच असेल, तर पुढे तपासा. सांध्याच्या आतली गाठ एक्स-रेत सहज निसटते. एमआरआयमध्ये भोवतालची सूज आणि सांध्यातले पाणी पाहून संधिवात किंवा खुब्याचा टीबी वाटू शकतो. गाभा सर्वांत स्पष्ट दिसतो तो पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये.

४. अस्थिरोगतज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट या दोघांचा सल्ला घ्या. गाठ सांध्याच्या कूर्चेपासून आणि मोठ्या नसांपासून किती दूर आहे? तपासणीसाठी तुकडा काढणार का? असे उपचार इथे नेहमी होतात का? विम्यात किंवा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का? हे सगळे आधीच विचारा.

५. उपचार समजून घ्या. त्याचे नाव रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन. बोस्टनच्या डॅनियल रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो प्रथम मांडला. गाभ्याला सुई लागताच तीव्र वेदना होतात, म्हणून पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल देतात. सीटी स्कॅनवर पाहत सुई गाभ्यात नेतात आणि तिचे टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसवर काही मिनिटे ठेवतात. बहुतेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पूर्वी इथे हाडाचा भाग कापून काढावा लागे आणि कधी प्लेट-स्क्रूही बसवावे लागत.

६. नंतरच्या तपासण्या चुकवू नका. दहांतल्या सुमारे नऊ जणांना एकाच उपचारात आराम पडतो. जुनी रात्रीची कळ परतली तर कळवा. हाच उपचार पुन्हा करता येतो.

काय टाळावे

१. ‘वाढीच्या वयात दुखतेच’ किंवा ‘शाळा बुडवायचे नाटक’ म्हणून मुलाला गप्प करू नका. वाढीचे दुखणे सहसा दोन्ही पायांत असते आणि त्याने मूल लंगडत नाही.

२. मालीश, शेक, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे यांत महिने घालवू नका. गाभा हाडाच्या आत आहे. तिथवर यातले काही पोहोचत नाही.

३. टीबीची औषधे सुरू झाली असतील तर ती मनाने बंद करू नका. निदानाचा पुरावा काय, हे विचारा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

४. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. काही गाठी काही वर्षांत आपोआप शमतात, पण तोवर रोज गोळ्या घेतल्याने जठर आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत ती दिल्यास रे सिंड्रोम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

५. भुलेपूर्वी उपाशी ठेवायला सांगितले असताना ‘घोटभर दूध’ देऊ नका. चालू औषधे आणि अॅलर्जी भूलतज्ज्ञांपासून लपवू नका.

६. खुब्यातल्या प्रत्येक साध्या गाठीला हाच उपचार चालेल, असे समजू नका. उदाहरणार्थ, जायंट सेल ट्यूमर बहुधा खरवडून काढावा लागतो.

७. ताप, जखमेतून पू, त्वचेवर भाजल्यासारखा फोड, पायात बधिरपणा किंवा पाऊल टेकताच उठणारी नवी तीव्र कळ अंगावर काढू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

८. दुखणे थांबले म्हणून मुलाला लगेच मैदानावर सोडू नका. रात्रीची कळ काही दिवसांतच जाते, पण हाडाचा तो भाग भरून यायला वेळ लागतो, आणि मांडीच्या हाडाच्या मानेवर शरीराचा भार पडतो. घरात चालण्याची मुभा लवकर मिळते. धावणे, उड्या, कबड्डी, फुटबॉल मात्र साधारण तीन महिने बंद. पुन्हा सुरू करायचे ते डॉक्टरांनी हाड तपासून होकार दिल्यावरच.