शिंपल्याचें बियाणें

पपईच्या बागेंतील नर झाडें सारींच तोडून टाकिलीं तर मादी झाडें नीट फळत नाहींत, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. समुद्रांतील एका प्राण्यावर असाच प्रसंग आला. त्याची हकीकत येथें देतों.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यालगत खोल पाण्यांत पांढरा अॅबलोनी नांवाचा, कानासारखें कवच असलेला प्राणी राहतो. कोंकणांतील कालवाप्रमाणें तो खडकास कायमचा जडत नाहीं. मांसल पायानें खडक धरून सरपटतो. हा पाय खाण्यास रुचकर, आणि तेंच त्याच्या मुळावर आलें. १९७० नंतरच्या दहा वर्षांत तो बेसुमार काढला गेला. १९९६ सालीं पकड बंद झाली, तरी वाढ होईना. कारण नर व मादी आपापलीं बीजें पाण्यांत सोडितात. दोघें जवळ नसल्यास तीं वायां जातात. उरलेले प्राणी जिवंत होते, पण विखुरलेले; ते म्हातारे होत चालले आणि मागें पिलूं दिसेना.

तेव्हां कांहीं प्राणी आणून टांक्यांत पैदास सुरू केली. परंतु रोग शिरला. या रोगाचे जंतु आंतड्यांत राहतात, खाल्लेलें अंगीं लागत नाहीं व पाय सुकत जातो. पुष्कळ प्राणी दगावले. २०११ सालीं उरलेले प्राणी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस बोडेगा येथील सागरी प्रयोगशाळेंत नेण्यांत आले. तेथें डॉ. क्रिस्टिन अॅक्विलिनो या बाईंनीं हें काम अंगावर घेतलें व अनेक वर्षें चालविलें. गोठ्यांतील जनावराची निगा ठेवावी तशीच ही निगा होती. कवचास भोंकें पाडणाऱ्या किडीवर उपाय म्हणून कवचावर मेण व खोबरेल यांचा लेप देत. कीड गुदमरून मरे. हा उपाय आम्हांस विशेष आवडला. बीज सोडण्याची वेळ आली म्हणजे प्राणी निरनिराळ्या बादल्यांत ठेवून पाण्यांत हैड्रोजन पेरॉक्साइड मिसळीत.

२०१२ सालीं बीज धरलें, पण वांचलीं तीं पिलें थोडींच. पुढें मात्र तीं हजारांनीं वाढलीं, इतकीं कीं समुद्रापेक्षां टांक्यांतच त्यांची संख्या अधिक झाली. मोजक्या आईबापांचीच ही संतति, ही अडचण राहिलीच. एकाच वळूवर कळप वाढविणाऱ्यास ती सांगावयास नको.

२०१९ च्या नोव्हेंबरांत पहिलीं पिलें समुद्रांत उतरविलीं. तळाशीं पिंजऱ्यांत त्यांस कांहीं काळ ठेविलें व मग दारें उघडिलीं. बाहेर अष्टपाद व खेकडे टपलेलेच होते.