स्मरणिकेची अक्षरे आणि मुक्त छपाईची साधने

ही स्मरणिका सिद्ध करण्यास आम्ही बसलो तेव्हा पूर्वीच्या अंकातील संस्थापकांच्या आठवणी पुन्हा छापाव्यात, असा विचार होता. जुनी सीडी सापडली, तीवरील फाइलही उघडली. परंतु पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसला. ज्या अक्षरप्रणालीत तो मजकूर जुळवला होता, ती आता आमच्यापैकी कोणाच्याही संगणकावर नव्हती. एका माजी विद्यार्थ्याच्या घरी छापील प्रत होती, म्हणून ते शब्द वाचले.

असे का होते? युनिकोडपूर्वीच्या अक्षरप्रणाली रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवीत, आणि प्रत्येकीची मांडणी निराळी असे. ‘विहार’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर साठवला जाई. युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. ‘धर्म’मधील रफार तेथे ‘म’नंतर येई, येथे तो ‘म’च्या आधी येतो. म्हणून केवळ अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. जुना मजकूर आत घेतानाच हा क्रम सुधारणारी सोय पुस्तकजुळणीच्या साधनातच असावी, ही आमची पहिली अपेक्षा.

पृष्ठरचनेसाठी ‘स्क्रायबस’ हे मुक्तस्रोत साधन उपलब्ध आहे. ते विनामूल्य आहे, हा त्याचा लहान गुण. त्याची घडण सर्वांस पाहता व सुधारता येते, हा मोठा गुण. अनेक वर्षे त्यात देवनागरी जोडाक्षरे फुटत असत. 2017 साली आलेल्या 1.5.3 या आवृत्तीत हा दोष दूर झाला आणि 2024 च्या प्रारंभी आलेल्या 1.6.0 या स्थिर आवृत्तीत ती सुधारणा सर्वांच्या हाती पडली. ओमानमधील एका गटाने आपल्या अरबी लिपीसाठी त्यात परिश्रम घेतले आणि त्याचा लाभ आपल्या लिपीलाही झाला. 868 साली छापलेली वज्रच्छेदिका सूत्राची चिनी प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग जिये नावाच्या उपासकाने मातापित्यांच्या नावे, सर्वांस मुक्तपणे वाटण्यासाठी ती करविली, अशी नोंद तिच्या अखेरीस आढळते. त्या ओमानी गटाचे दान याच जातीचे, असे आम्हास वाटते.

तरी उणिवा आहेत. अरुंद स्तंभात ‘धम्मचक्रप्रवर्तन’ हा शब्द ओळीच्या शेवटी आला, की उरलेल्या शब्दांत भगदाडे पडतात. तो ‘धम्म-चक्र-प्रवर्तन’ असा तुटावा. ‘धम्’ एका ओळीत आणि ‘मचक्र’ दुसऱ्या ओळीत, असे कदापि होऊ नये. ‘पञ्ञा’, ‘अट्ठ’ या पाली शब्दांतील जोडाक्षरे निवडलेल्या टंकात आहेत की नाहीत, ‘दऱ्या’मधील अर्धा र नीट उमटतो की नाही, हेही साधनाने छपाईपूर्वी तपासून सांगावे. स्क्रायबसमधील तपासनीस कमी दर्जाची छायाचित्रे आणि चौकटीबाहेर सांडलेला मजकूर दाखवतो. त्याने मराठीही तपासावी, आणि त्याच्या सूचना मराठीत याव्यात. मुद्रितशोधन करणारे आमचे गुरुजी इंग्रजी आज्ञा वाचीत बसणार नाहीत.

पानांच्या मांडणीचा प्रश्न अधिक बिकट. सोळा पृष्ठांची पुस्तिका चार कागदांवर छापून मध्ये टाचायची, तर सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूस 16 आणि 1, व पाठीमागे 2 आणि 15 ही पृष्ठे यावी लागतात. शेजारच्या दोन पृष्ठांची बेरीज नेहमी 17 येते. मुलांनी वहीचे कागद दुमडून पडताळून पाहावे. कागद पुष्कळ असले की आतले कागद बाहेर सरकतात आणि कापणीत त्यांचा समास घटतो. हा हिशेब साधनानेच करावा. आज त्यासाठी दुसरे साधन हाताळावे लागते, आणि घाईत पाने उलटीसुलटी होतात ती येथेच.

रंगांविषयी एवढेच, की मजकुराचा काळा रंग केवळ काळ्या शाईतच राहावा. तो चार शायांत विभागला गेला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. असा काळा आढळताच साधनाने सावध करावे.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले आणि पुढे ‘भारतभूषण’ हा छापखानाही उभा राहिला. छापखाना आपला असला, तर अंक कधी निघणार हे आपण ठरवतो. आज त्या छापखान्याचा मोठा भाग संगणकात आहे, आणि त्याची किल्ली परक्याच्या हाती असली, तर काय होते ते आमच्या सीडीने दाखवले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, भाषेचे शिक्षक आहेत, छपाईच्या धंद्यातही काही जण आहेत. अभियंत्यांनी जुन्या प्रणालीचा अक्षरतक्ता करावा, शिक्षकांनी शब्द तोडण्याचे नियम लिहून द्यावेत, छपाईवाल्यांनी फर्म्याची मांडणी समजावून सांगावी. संस्थापकांच्या आठवणींची पहिली चाळीस पाने विद्यार्थ्यांनी युनिकोडमध्ये टंकून ठेवली आहेत. उरलेली वसतिगृहाच्या संगणकावर टंकणे चालू आहे.